मान मंदिराचं तांबं आणि लष्करचं टीन

ग्वाल्हेरला पाहुणा आला की त्याला जयविलास महालातल्या हत्तींची गोष्ट ऐकवल्याशिवाय आम्ही परत पाठवत नाही. १८७४ साली महाल पुरा झाला, दरबार हॉलमध्ये साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगायची होती, आणि छत ते वजन पेलेल की नाही हे बघायला मायकल फिलोज यांनी, म्हणजे इथल्या लोकांच्या 'मुकेल साहेबां'नी, छतावर हत्ती चढवले. हत्ती आठ होते की दहा, यावर वाद घालणारी माणसं अजून भेटतात. छत वजन पेलतं की नाही याची गोष्ट अशी घरोघरी पोचली. ते पाणी अडवतं की नाही याची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मी पेशाने स्थापत्य अभियंता. नोकरीतली निम्मी वर्षं छपरांच्या तक्रारी ऐकण्यात गेली, आणि माझ्या अनुभवात वजनाने पडलेलं छप्पर एखादंच, बाकी सगळी पाण्याने गेलेली. म्हणून मंडळात विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी छपरं मागून घेतली, त्यातही धातूची.

'धातूची छपरं' म्हटल्यावर मंडळी हसली. पत्र्याचा कसला इतिहास? आणि ग्वाल्हेरसारख्या दगडाच्या गावात? त्यांचंही बरोबर होतं. आपल्याकडे वालुकाश्म मुबलक, त्याच्या लांबलचक पटिया निघतात, त्या आडव्या तुळयांवर टाकायच्या, वर चुन्याचा कोबा करायचा, झालं छत. कोकणातल्यासारखी चार महिने धार नाही; वर्षाचा पाऊस नव्वद सेंटिमीटरच्या आतबाहेर, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर. उतरत्या छपराची गरज इथे कधी फारशी पडलीच नाही. तरीसुद्धा या गावात धातूच्या छपराची पहिली लेखी नोंद सापडते ती पत्र्याच्या चारशे वर्षं आधीची, आणि ती नोंद करणारा माणूस आहे बाबर.

१५२८ च्या सप्टेंबरात बाबर ग्वाल्हेरला आला आणि किल्ल्यावर हिंडला. मानसिंह तोमराचा महाल तेव्हा फार जुना झालेला नव्हता. मानसिंहाची कारकीर्द १४८६ ते १५१६ ची, म्हणजे बांधकामाला फार तर तीस-चाळीस वर्षं झालेली. बाबर हा बारीक बघणारा माणूस. पूर्वेकडची उंच भिंत, चुन्याचा पांढरा गिलावा, रंगीत फरशांनी काढलेली केळीची झाडं हे सगळं त्याने आत्मचरित्रात टिपलं आहे. आतल्या खोल्या त्याला अंधाऱ्या वाटल्या, आणि वाटणारच. आज भर दुपारीही तळघरात बॅटरीशिवाय पाय टाकवत नाही. पण माझ्या कामाची नोंद पुढची आहे. मोठ्या घुमटांवर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे आहेत, असं तो लिहितो.

आज मान मंदिरावर तांबं नाही. निळ्या फरशा पुष्कळ उरल्या, बदकं उरली, हत्ती उरले. घुमट उघडे आहेत. गाइड लोक फरशांपाशी अर्धा तास थांबतात आणि घुमटांकडे बोटसुद्धा करत नाहीत. मला मात्र खालून चढणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं की ते घुमट डोळ्यांपुढे येतात. पूर्वेचा दर्शनी भाग, म्हणजे पहिलं ऊन त्यांच्यावरच पडणार. खाली निळं-हिरवं आणि वर सोनेरी.

आता यात इंजिनियरला काय दिसतं ते सांगतो. घुमटाला पत्रा चढवायचा तर एकसंध चढवता येत नाही. तांबं उन्हाने लोखंडापेक्षा जास्त फुगतं, मीटरमागे एका अंशाला साधारण सतरा सहस्रांश मिलिमीटर; लोखंडाचं हेच माप बारा. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ग्वाल्हेरात जानेवारीच्या पहाटे दोन-तीन अंश असतात आणि जूनच्या दुपारी धातूचा पृष्ठभाग सत्तरच्या घरात जातो. एवढ्या फरकात मोठा पत्रा स्वतःच्याच खिळ्यांशी भांडतो, भोकं रुंदावतात, कडा उचलतात. म्हणून तांबट लहान लहान तुकडे घेऊन कडा एकमेकींत दुमडतो. दुमड पाणी अडवते आणि पत्र्याला हलायला जागाही देते. देवळांच्या कळसांवर हे काम आजही बघायला मिळतं.

आणि वरचं सोनं? ते केवळ थाटासाठी होतं असं नाही. त्या काळची मुलाम्याची प्रचलित रीत म्हणजे सोनं पाऱ्यात कालवून तांब्यावर सारवायचं आणि तापवून पारा उडवून लावायचा. सोन्याला हवा-पाणी काही करत नाही, त्यामुळे जोवर थर अखंड आहे तोवर खालचं तांबं झाकलेलं राहतं. गोम त्या 'जोवर'मध्ये आहे. थराला बारीकसं छिद्र पडलं आणि तिथे पाणी शिरलं की सोनं आणि तांबं मिळून एक चिमुकली बॅटरी तयार होते, आणि अशा जोडीत झिजतं ते नेहमी कमी प्रतीचं, म्हणजे तांबं. वरचा थर जितका उच्चकुलीन तितका तो खालच्याच्या जिवावर उठतो. पुढे ज्या पत्र्याबद्दल लिहायचं आहे तिथे हाच हिशेब उलटा चालतो, आणि तो नीट लक्षात न ठेवल्याची किंमत मी मोजलेली आहे. त्याकडे येतोच.

मान मंदिराचं तांबं हवेने गेलं नसणार, हा माझा कयास. किल्ला लोद्यांकडे गेला, मग बाबराकडे, शेरशहाकडे, अकबराकडे, मग गोहदच्या राण्यांकडे, महादजींकडे, १७८० मध्ये पॉपहॅमच्या शिडीवरून चढलेल्या फौजेकडे, पुन्हा शिंद्यांकडे, १८५८ नंतर इंग्रजांकडे आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात परत शिंद्यांकडे. इतक्या हातांतून गेलेल्या किल्ल्यावर सोनेरी पत्रा टिकला असता तरच नवल.

आता दुसरं छप्पर. त्याला महाराष्ट्रात पन्हळी पत्रा म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. पन्हळीतून पाणी जातं हे त्यात सांगूनच ठेवलेलं आहे. आम्ही ग्वाल्हेरकर मात्र मराठीतसुद्धा 'टीन'च म्हणतो. पुण्याच्या नातेवाइकांना "टीन टपकतंय" म्हटलं की ते डबा शोधायला लागतात. शब्द तसा चुकीचाच आहे, कारण त्या पत्र्यावर कथील नसतंच, जस्त असतं.

पत्र्याला पन्हळी पाडून ताठ करायची कल्पना लंडनच्या गोद्यांचे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांची. त्यांचं पेटंट १८२९ चं. सपाट पत्रा दोन हातांवर धरला तर मधे लवतो, तोच पन्हळीदार केला की माणूस पेलतो. पण ते लोखंड उघडं होतं, काही पावसाळ्यांत गंजायचं. लोखंडावर जस्त चढवण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये १७४२ साली मालुअँ यांनी मांडला होता. त्याचं व्यवहारी पेटंट स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतलं. रीत आजही तीच: पत्रा आम्लात धुवायचा, नवसागर आणि जस्ताच्या क्षारात बुडवायचा, मग साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात. नवसागर म्हटल्यावर आमच्या आईला लगेच कल्हईवाला आठवला. बरोबर आहे, त्याचंही काम तेच. धातूवरचा मळ नवसागराने काढल्याशिवाय ना पातेल्याला कथील धरत, ना पत्र्याला जस्त.

इथे एक आडवळण घेतो. जस्त भट्टीतून काढणं फार अवघड, कारण ते ९०७ अंशांना उकळून वाफ होऊन पळतं. युरोपला ते जमायच्या कितीतरी आधी मेवाडात, उदयपूरजवळ जावर इथे, मातीच्या मुशी उलट्या टांगून खाली वाफ थंड करण्याची युक्ती लोकांना साधली होती आणि शेकडो वर्षं ते काम मोठ्या प्रमाणावर चाललं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मेवाडातल्या धामधुमीत आणि दुष्काळात त्या भट्ट्या थंडावल्या. त्या धामधुमीत आमच्या दौलतराव शिंद्यांच्या फौजांचाही वाटा होता, हे इथल्या मराठी माणसाने मान्य करायला हवं. त्याच दौलतरावांनी १८१० मध्ये किल्ल्याखाली तळ टाकला आणि त्या तळाचं लष्कर शहर झालं. पुढे त्याच लष्करात विलायतेहून जस्ताचा पत्रा विकत घेऊन लावला गेला.

तो आला रेल्वेच्या पाठोपाठ. माधवराव महाराजांना यंत्रांचं वेड होतं. महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवणारे ते हेच. त्यांची दोन फुटी छोटी लाइन १८९९ च्या सुमारास धावू लागली, १९०९ पर्यंत श्योपूरला पोचली, सुमारे दोनशे किलोमीटर. १९०५ मध्ये त्यांनी मेळा सुरू केला. १९२१ मध्ये बिर्लांची जियाजीराव कापड गिरणी आली. स्टेशनं, गोदामं, तबेले, गिरण्या असल्या कामांना पटिया चालत नाही. गाळा रुंद असतो आणि काम घाईचं. पत्रा गाडीतून येतो, चार माणसं एका दिवसात खोली झाकतात. १९२४ च्या पोलाद संरक्षण कायद्यानंतर जमशेदपूरचा जस्ती पत्राही बाजारात दिसू लागला. लष्करातल्या लोहिया बाजारातून तो वाड्यांत शिरला. चौक झाकायला, गच्चीवरच्या खोलीला, देवघरापुढच्या मंडपाला.

छोट्या लाइनीचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्या गाडीत जितकी माणसं आत तितकी वर बसायची. सबलगड, श्योपूरकडची मंडळी, पोती, सायकली, दुधाचे डबे, सगळं टपावर. डब्याचं छप्पर हे बसायचं आसन आहे असं गृहीत धरूनच त्या भागाचा संसार चालला होता. माझ्यासारख्याला बघवत नसे. धातूच्या छपरावर माणूस चालला की आधी सांधा उघडतो. २०२० मध्ये गाडी थांबली ती थांबलीच, आता तिथे मोठ्या लाइनीचं काम आहे.

टीन छपराला राखायचं कसं, हे जुन्या मिस्त्रींना पाठ असायचं आणि सार्वजनिक बांधकामाच्या पुस्तकांतही तेच आहे. भोक नेहमी पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात कधीच नाही, कारण पाणी खोलगटातून वाहतं. पत्रा पत्र्यावर बाजूने दोन पन्हळी चढवायचा, खालीवर निदान पंधरा सेंटिमीटर. बाजूचा चढाव वाऱ्याच्या उलट दिशेने ठेवायचा. इथे पावसाला पुरवाईचं वारं असतं हे ज्याने ध्यानात ठेवलं त्याचं छप्पर कमी गळतं. जे-हुकाच्या खाली आधी डांबराचा वायसर, वर वाटीसारखा जस्ती वायसर. आणि आवळताना जपून! वायसर चपटा होईस्तोवर आवळणारा मिस्त्री मी लगेच बदलतो. पत्र्याला हलू द्यायचं असतं. तीन मीटरचा पत्रा वर्षभरात दोन मिलिमीटरहून जास्त लांब-आखूड होतो. एकापुढे एक तीन पत्रे घट्ट जखडले तर कडेला सहा-सात मिलिमीटर. भिंतीला मिळतो तिथे सिमेंटचा गोळा भरला तर पहिल्याच मेमध्ये त्याला केसासारखी चीर जाते, कारण शेजारची जाड भिंत पत्र्याइतकी तापतच नाही. तरी घरोघरी तोच गोळा दिसतो.

रंगाचंही शास्त्र होतं. लोखंडावर पहिला हात शेंदराचा, जवसाच्या तेलात घोटलेला. मारुतीला लावतो तोच शेंदूर, शिशाचं ऑक्साइड. तेल वाळलं की शेंदूर आणि तेल मिळून असा थर होतो की त्याखाली गंज चढत नाही. आपल्या वेशीवरच्या मारुतीवर पिढ्यान्पिढ्यांचे थर कसे बसलेत ते पाहा, म्हणजे टिकाऊपणा कळेल. शिसं विषारी म्हणून आता रेड ऑक्साइड वापरतात, आणि ते योग्यच आहे. पण जस्ताच्या नव्या कोऱ्या पत्र्यावर तेलाचा रंग धरत नाही. तेल आणि जस्त मिळून साबण होतो आणि रंग पापुद्र्यासारखा निघतो. म्हणून जुने लोक नवा पत्रा एक पावसाळा तसाच ठेवत, त्याची चमक गेली की मग रंग. आम्ही शिकलेले लोक त्याला आळस म्हणायचो.

जस्त लोखंडाला राखतं ते केवळ झाकून नव्हे. इथे सोन्याच्या उलट. पत्र्यावर ओरखडा पडला, लोखंड उघडं झालं, तरी झिजतं ते शेजारचं जस्त. जस्त कमी प्रतीचं, ते स्वतः जातं आणि लोखंडाला वाचवतं. मात्र ते असतं किती? आज बाजारात ज्याला चांगला म्हणतात त्या पत्र्यावर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम, म्हणजे एका बाजूला साधारण वीस मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकं. कोरड्या, स्वच्छ हवेत वर्षाला मायक्रॉनच्या आसपास जातं. स्वस्तातला पत्रा १२० ग्रॅमचाही मिळतो. दिसायला दोन्ही सारखेच चमकतात.

आता माझी चूक.

लष्करातल्या एका जुन्या मराठी वाड्यात खाजगी देऊळ आहे. नाव देत नाही. पुढे मंडप, मंडपावर टीन, मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात एक अडगळीची खोली, तीही त्याच टीनखाली. त्या खोलीत फडताळावर मोडी कागदांचे पाच रुमाल होते. घरच्या काकूंना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांनी ते मला वाचायला देऊ केले होते, आणि मोडी शिकून घेतो मग बघतो असं म्हणत मी दोन वर्षं घालवली. २०१५ मध्ये मंडपाचे मागचे काही पत्रे कुजले म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी पत्रे बदलून दिले, वायसर, चढाव सगळं पुस्तकाप्रमाणे. त्याच सुमारास शेजारी वीज पडली होती, म्हणून कळसापासून जमिनीपर्यंत तडितरोधक पट्टीही टाकून दिली. चांगल्या तांब्याची. कळसापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत सर्वांत जवळचा रस्ता मंडपाच्या टीनवरून तिरका जात होता. कागदावर रेघ सरळ आली, मी खूश.

चौथ्या वर्षी काकूंचा फोन आला, "अरे, तुझं टीन टपकतंय." तुझं! मी गेलो, चढावाच्या सांध्यात संशय आला, बाजारातून सिलिकॉनची नळी आणून सांधा भरला. लावताना सिरक्याचा वास आला आणि मी तो खुशाल हुंगला. महिन्याभरात पुन्हा गळती. मग डांबराचा पट्टा चिकटवला. त्याने गळती थांबली नाही, उलट पट्ट्याखाली ओल धरून राहिली. २०१९ च्या ऑगस्टात तीन दिवसांची झड लागली. काकू चौथ्या दिवशी त्या खोलीत गेल्या तर फडताळाच्या वरच्या खणातून पाणी ठिबकत होतं. पाचांपैकी तीन रुमाल भिजून लगदा झाले होते. जुनी देशी शाई पाण्यात विरघळते. कागद सोडवायला घेतले तर हाताला काळं लागलं आणि पान पांढरं राहिलं. त्या तीन रुमालांत काय लिहिलेलं होतं ते आता कुणालाही वाचता येणार नाही, आणि ते वाचायला मला सवड नव्हती असंही नाही.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क मिस्त्रींना घेऊन वर चढलो. त्यांनी सांध्याकडे बघितलंच नाही. पट्टीच्या बाजूला बसले, बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहब, पट्टी के ऊपर का टीन तो नया पड़ा है. नीचे का ही खाया है." मी पाहिलं. पट्टीच्या वरच्या अंगाला पत्र्यावर जस्ताची फुलं अजून दिसत होती. खालच्या अंगाला, जिथे जिथे पट्टीवरून पाणी ओघळत होतं, तिथे दोन बोटं रुंद तपकिरी ओघळ, आणि त्या ओघळात सुईच्या टोकाएवढी भोकं. खोली बरोबर त्याखाली.

कारण महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. पावसाचं पाणी तांब्यावरून जाताना तांब्याचा अगदी थोडा अंश घेऊन उतरतं. ते जस्तावर आलं की तांबं तिथे कणाकणाने बसतं, आणि प्रत्येक कण ही एक बॅटरी. तांबं उच्च, जस्त नीच, म्हणजे झिजणार जस्त. वीस वर्षं पुरायचा थर तीन-चार पावसाळ्यांत गेला, मग खालचं लोखंड. पाणी जस्तावरून तांब्याकडे जाऊ द्यावं, तांब्यावरून जस्ताकडे कधीही नाही, एवढा साधा नियम. सिरक्याच्या वासाचं सिलिकॉन म्हणजे सुकताना ॲसेटिक आम्ल सोडणारं. तेही जस्त खातं. म्हणजे एका छपरावर मी दोन वेळा एकाच प्रकारची चूक केली, आणि त्या वेळी मान मंदिराच्या सोन्या-तांब्यावर मंडळात टिपण वाचून टाळ्या घेतलेला मीच होतो.

त्या हिवाळ्यात काम स्वखर्चाने केलं. पट्टी टीनवरून काढून शिखराच्या मागच्या दगडी भिंतीने सरळ खाली उतरवली. कळसावरून टपकणारं पाणीही टीनवर येऊ नये म्हणून मधे दगडी पन्हळ काढली. खराब पत्रे बदलले, डांबराचा पट्टा खरवडून काढला, सांध्यांत ब्यूटाइलची पट्टी आणि जिथे सिलिकॉन हवंच तिथे आम्ल न सोडणारं. भिंतीच्या कडेला सिमेंटचा गोळा न भरता भिंतीत खाच पाडून पत्र्याची झालर वरून सोडली, म्हणजे छप्पर खाली आपलं हलत राहील. नवे पत्रे रंगवले नाहीत. काकूंना ते बोडकं वाटलं, पण एक पावसाळा थांबा म्हटलं.

२०२१ च्या ऑगस्टात शिवपुरी, श्योपूर, दतियाकडे महापूर आला, पूल वाहून गेले. इथेही पाऊस खूप झाला. तिसऱ्या रात्री मला झोप येईना, सकाळी छत्री घेऊन वाड्यावर गेलो. खोली कोरडी होती. उरलेले दोन रुमाल आता काकूंच्या निजायच्या खोलीत, पटियाच्या छताखाली, लोखंडी कपाटात आहेत. मोडी शिकलो, त्यातला एक वाचून संपत आला आहे. बहुतेक देवळाच्या नैवेद्याचे आणि तेलवातीचे हिशेब आहेत.

अडगळीच्या खोलीत फडताळासमोर जिथे पाणी पडायचं तिथे काकूंनी एक मोठं घंगाळं ठेवलेलं आहे. २०१९ पासून तिथेच आहे. दर वेळी गेलो की मी ते उचलून कोपऱ्यात ठेवतो, आणि पुढच्या वेळी ते परत जागेवर असतं. तांब्याचंच आहे.